सोयरिणीचा वाटा

ऐका मधमाउली, तुमची कहाणी.

मुठीत गव्हाचे दाणे घेतलेत का सगळ्यांनी? द्वारके, तुझ्या मुठीत दाणे आहेत की नुसतीच मूठ? घे इथले. कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही, आणि मधेच उठून कुकर बघायलाही जायचं नाही. मधाची वाटी मध्ये ठेवली आहे तिला बोट लावायचं नाही. का नाही, ते पुढं कळेल.

आटपाट नगर होतं, असं दर कहाणीला म्हणते. आज म्हणवत नाही, कारण नगर नव्हतंच ते. रान होतं, दलदल होती, मधून नदी वाहत होती. नदीकाठच्या टेकाडावर मातीची आणि लाकडाची एक गढी होती. इथून फार लांब, उत्तरेला, जिथं अर्धं वर्ष बर्फ पडतं, असा तो मुलूख. तिथल्या लोकांना झेमगाळ म्हणायचे. नावं जरा आडवळणाची आहेत, जिभेला वळण लावा. तुमच्या आजेसासूचं नाव तरी कुठं सोपं होतं?

त्या गढीचा नायक दार्गुत. त्याची बायको औद्रा. घरात म्हातारी सासू, पदरात एक चिमुरडी लेक. गढीत शेपन्नास घरं, सगळी नायकाच्या शब्दात.

त्या लोकांचं दैवत मधमाउली. तिला देऊळ नाही, मूर्ती नाही. जुन्या झाडांच्या ढोलीत मोहोळ, तिथंच माउली. माशीला ते लोक माणसात धरायचे. बैल मेला म्हणत, कुत्रं मेलं म्हणत, पण माशी मेली म्हणत नसत. माशी वारली म्हणत. वाटेत वारलेली माशी दिसली की बाई हातातलं ओझं खाली ठेवी, बोटानं माती उकरी, तिला पुरी, मग पुढं जाई. आपण केरसुणीनं लोटतो आणि मोकळ्या होतो.

माशी विकायची नाही, विकत घ्यायची नाही, असा त्यांचा नेम. उन्हाळ्यात मोहोळ दाटलं की थवा उठतो. उडत उडत ज्याच्या झाडावर बसेल, त्याचं घर आणि आपलं घर सोयरे. त्यांना मधसोयरे म्हणायचे. हे नातं रक्ताहून घट्ट. मधसोयऱ्याशी भांडायचं नाही. मधसोयऱ्याचा वाटा चुकवायचा नाही. आणि मधसोयरा दाराशी आला, तर कसाही येवो, कधीही येवो, दार लावून घ्यायचं नाही. हे नीट ध्यानात ठेवा गं, पुढची सगळी कहाणी त्या दाराची आहे.

वसा कसा होता म्हणाल, तर तिकडे लीपा म्हणून झाड असतं. ते फुललं की सगळ्या रानाला गोड वास सुटतो. लीपा फुलली की पहिलं पोळं काढायचं. त्याचे तीन वाटे करायचे. पहिला वाटा माउलीचा, तो आढ्याकडे उडवायचा. दुसरा वाटा मधसोयऱ्याचा, तो आपल्या पायानं नेऊन द्यायचा. तिसरा वाटा घरच्यांचा. दुसरा पोचल्याशिवाय तिसऱ्याला बोट लावायचं नाही.

औद्राची मधसोयरीण नदीपल्याडची वैवा. बिचारी विधवा, पाचदहा झोपड्यांच्या वाडीत राहायची, एक धाकटा लेक होता. औद्रा लग्न होऊन गढीत आली त्याच उन्हाळ्यात औद्राच्या झाडावरचा थवा उठला आणि नदी ओलांडून वैवाच्या लीपेवर बसला. झालं, सोयरीक जुळली. दर वर्षी औद्रा होडीतून वाटा घेऊन जाई, वैवा आपला वाटा घेऊन येई. औद्राच्या बाळंतपणात वैवानं शेक दिला. वैवाच्या लेकाला गोवर निघाला तेव्हा औद्रानं चार रात्री जागून काढल्या. असं चाललं होतं. दृष्ट लागावी असं चाललं होतं, आणि लागलीच.

मग काय झालं? समुद्रावरून स्वार आले. अंगावर पांढरे डगले, डगल्यावर काळा क्रूस. साधू म्हणावं तर कमरेला तलवार, शिपाई म्हणावं तर हातात जपमाळ. म्हणाले, आमचा देव घ्या नाहीतर आमची तलवार घ्या. आता देव कुणाचा वाईट नसतो बायांनो. देवाचं नाव घेऊन दुसऱ्याचं घर पेटवतो, तो माणूस वाईट. त्यांनी दगडी गढ्या बांधल्या, मिठाच्या वाटा अडवल्या, एकेक वाडी जाळत चालले. धूर औद्राच्या गढीवरून दिसू लागला. औद्रा लेकीला पोटाशी धरायची आणि रोज धूर किती जवळ आला ते बघायची.

एक दिवस स्वार गढीखाली आले. बोलणी करायची म्हणाले. पुढं त्यांचा सरदार, मागं दुभाष्या, त्याच्या मागं निशाणाची उंच काठी. दिवस लीपा फुलायचे. तटावर झेमगाळ भाले घेऊन उभे. तेवढ्यात काय झालं? औद्राच्या झाडावरचा थवा उठला. घूं घूं करत तटावरून गेला, खाली उतरला, आणि त्या निशाणाच्या काठीला जाऊन लोंबला.

तटावरची माणसं बघतच राहिली. भाले खाली आले. दार्गुतनं कपाळाला हात लावला. म्हणाला, "माउलीनं सोयरीक जुळवली! ज्याच्या दारी थवा बसला तो सोयरा. आता हे आपल्यावर हात उचलायचे नाहीत." मग गढीच्या मोठ्या दरवाजातली दिंडी उघडली, हात पसरून बाहेर गेला, आणि त्या सरदाराला कडकडून भेटला.

सरदार गोंधळला. दुभाष्याला म्हणाला, "हा काय करतोय?" दुभाष्या म्हणाला, "माशा तुमच्या काठीवर बसल्या, म्हणून तुम्ही यांचे सोयरे झालात म्हणतो." सरदार हसला. म्हणाला, "बरं झालं. यांच्याकडे मेण किती आहे ते विचार." त्यांना देवापुढं मेणबत्त्या लागायच्या, ढिगानं लागायच्या. मेण सगळं आम्हाला द्या, मध आम्हाला द्या, हा थवाही आम्ही नेतो, म्हणाला. नदीपल्याडच्यांना गढीत घ्यायचं नाही, म्हणाला. म्हणजे तुमच्या गढीला आम्ही हात लावत नाही. दार्गुतनं शब्द दिला. मग त्यानं तागडी काढली, मेण जोखलं, थव्याची किंमत ठरवली, आणि मिठाचं एक पोतं औद्राच्या पायाशी टाकलं.

सासू म्हातारी असली तरी डोळ्यांनी तिखट. म्हणाली, "सूनबाई, मीठ परत कर."

औद्रा म्हणाली, "आई, मीठ परत केलं तर हिवाळ्यात मांस सडेल. पोरं काय खातील? आणि सोयऱ्यानं काही दिलं तर घेऊ नये का?"

"सोयरा देतो ते वेगळं. यानं तागडी आणली होती, औद्रे. सोयरा कधी तागडी घेऊन येतो का? आणि सोयरीक दोघांना कळावी लागते. आपल्याला कळली, त्याला कळली का?"

औद्रा खाली वाकली. मीठ उचललं आणि घरात नेलं. तिचंही चुकलं म्हणू नका लगेच. धूर दारात आल्यावर माणूस कशालाही सोयरीक म्हणतो.

पहिल्या वर्षी लीपा फुलली. मध सरदाराला गेला. औद्रा म्हणाली, वैवाचा वाटा पुढच्या वर्षी देईन. वैवा मात्र आपला वाटा घेऊन आली, लाकडी वाडग्यात, वर पान झाकून. दुसऱ्या वर्षी लीपा फुलली. औद्रा म्हणाली, विसरले नाही गं, उरलंच नाही. वैवा म्हणाली, "असू दे बाई, तुझ्यामागं गढीचा रगाडा." आणि आपला वाटा ठेवून गेली. तिसऱ्या वर्षी लीपा फुलली. औद्रा लाजेनं नदीकडे फिरकलीच नाही. अशी औद्रा उतली, मातली, घेतला वसा तिनं टाकला. उतली म्हणजे काही दागिने घालून मिरवली नाही हो. भ्यायली, एवढंच.

मग त्याच वर्षी पानं गळाली, गारठा पडला, आणि नदीपल्याड आगीचे लोळ उठले. संध्याकाळी गढीच्या दिंडीवर थाप पडली.

"औद्रे, मी वैवा. वाडी जाळली. दार उघड."

औद्राचा हात अडसरावर गेला. दार्गुत आडवा आला. म्हणाला, "शब्द दिलाय त्यांना. उघडलंस तर उद्या आपली पाळी. लेकीकडे बघ." औद्रानं लेकीकडे बघितलं. हात अडसरावर तसाच राहिला.

पुन्हा थाप पडली. "औद्रे, लेक गारठलाय. मी राहते बाहेर, त्याला तेवढा आत घे."

औद्राच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पण अडसर काही निघाला नाही.

तिसऱ्यांदा थाप पडली. आता आवाज बारीक आला. "सोयरिणी, ऐकतेस ना?"

औद्रा ऐकत होती. सगळी गढी ऐकत होती. कुणी हललं नाही. मग थाप थांबली, पावलं वाजली, आणि पाऊसबर्फाचा आवाज तेवढा राहिला.

सकाळी सासूनं दिंडी उघडली. उंबऱ्यावर लाकडी वाडगं होतं, वर पान झाकलेलं. घर जळत असताना, लेक कडेवर घेऊन पळताना, वैवानं त्या वर्षीचा वाटा बरोबर घेतला होता. दार उघडलं नाही, तरी ठेवून गेली. सासू तिथंच मटकन बसली आणि कपाळ बडवून रडली. औद्रानं वाडगं घरात आणलं, आणि त्या दिवसापासून तिला घास गोड लागला नाही.

थांबा जरा. डोळे पुसा. मलाही इथं घोट लागतो पाण्याचा. गोदूताई, तो पेला इकडे करा.

मग पुढं काय झालं? व्हायचं तेच झालं. नदीपल्याडची वाडी संपली, मग स्वार गढीखाली आले. या वेळी बोलायला नाही, शिड्या घेऊन आले. दार्गुत म्हणाला, "चूक होत असेल त्यांची. ओळखलं नसेल." एका हातात भाकरी घेतली, दुसऱ्या हातात मधाची वाटी घेतली, दिंडीतून बाहेर गेला. मोठ्यानं म्हणाला, "सोयरे हो, मी दार्गुत. थवा तुमच्या काठीवर बसला होता!" दुभाष्यानं ते सांगितलंसुद्धा नाही. बाण आला आणि दार्गुतच्या छातीत बसला. वाटी हातातून सुटली, मध मातीत सांडला. औद्रानं तटावरून बघितलं.

पण झेमगाळ काही लेचेपेचे नव्हते. उकळतं पाणी ओतलं, ओंडके ढकलले, शिड्या उलथल्या. पहिल्या खेपेला स्वार मागं हटले. दुसऱ्या खेपेला त्यांनी तट जाळला, तर बायकापोरांनी मिळून रातोरात पुन्हा उभा केला. मग मात्र स्वारांनी शेतं जाळली, गुरं नेली, वाटा अडवल्या आणि लांबच तळ ठोकून बसले. म्हणाले, तलवारीनं नाही तर भुकेनं येतील.

औद्रा सासूच्या पायाशी जाऊन बसली. म्हणाली, "आई, मी वसा टाकला. आता काय करू?"

सासू म्हणाली, "टाकलेला वसा उचलता येतो. वाकावं मात्र लागतं. वाकशील?"

"वाकेन."

"मोबदला मागशील?"

"मागणार नाही."

"मग लीपा फुलली की तीन वाटे कर."

गढीच्या आत एकच लीपा होती, एकच मोहोळ उरलं होतं. लीपा फुलली, औद्रानं पोळं काढलं, तीन वाटे केले. पहिला वाटा आढ्याकडे उडवला. दुसऱ्या वाट्याशी तिचा हात थांबला. म्हणाली, "आई, वैवा कुठं आहे कोण जाणे. आहे की नाही तेही ठाऊक नाही. हा वाटा कुणाला देऊ?"

सासू म्हणाली, "माणूस दिसेनासा झाला म्हणून त्याचा वाटा नाहीसा होतो का? तीन वर्षांचं देणं थकलंय. वाटीभरानं फिटायचं नाही. मोहोळच वैवाचं समज, आणि जप."

मग औद्रानं पोकळ ओंडका घेतला. त्यात माशा उतरवल्या, उरलेले दोन्ही वाटे आणि हिवाळ्यापुरता त्यांचा मध त्यांच्याजवळ ठेवला, तोंड मेणानं लिंपलं, वाऱ्याला भोक ठेवलं. स्वतःची लोकरीची शाल ओंडक्याला गुंडाळली. हा वैवाचा वाटा.

हिवाळा आला. सासू गेली. जाताना एवढंच म्हणाली, "मला पुराल तेव्हा दोन वारलेल्या माशा सोबत ठेवा, वाटेत बोलायला होईल." अशी होती ती, मरताना हसवून गेली.

मग गढीत भूक आली. जवान पोरं आली, म्हणाली, "वहिनी, ओंडका द्या, स्वारांवर फेकतो, माशा डसतील." औद्रा म्हणाली, "बाबांनो, एवढ्या थंडीत माशी डसते का? ती झोपलीय. तुम्हीही झोपा." मग म्हातारे आले, म्हणाले, "ओंडका फोडू. गढीला मध मिळेल." औद्रा म्हणाली, "एका संध्याकाळचा घास होईल. उद्या काय फोडाल?" मग लेक आली. म्हणाली, "आई, एक बोट. एकच बोट चाटते." औद्रानं तिला कुशीत घेतलं. म्हणाली, "बाळा, ते आपलं असतं तर सगळं दिलं असतं. ते आपलं नाही." आणि आपल्या वाटची भाकरी लेकीला दिली.

तुमच्या तोंडावर दिसतंय मला. पोर भुकेलं आणि ही माशा सांभाळते, बाई आहे की कोण, असंच ना? मीही पहिल्यांदा ऐकली तेव्हा असंच म्हणाले होते. पण एकदा दुसऱ्याच्या लेकाला दाराबाहेर ठेवलं, ते तिच्या उरात रुतलं होतं. आता दुसऱ्याचं काही तिला मोडवेना.

मग एक दिवस सगळी गढी जमली. म्हणाली, गढी राखावी तर माणसं जातात. माणसं राखावी तर गढी जाते. दक्षिणेला मोठं रान आहे, तिथं लोक अजून स्वारांपुढं वाकलेले नाहीत, तिकडे जाऊ. दलदल गोठली आहे, वाट होईल. मग त्यांनी पोरांना घोंगड्यांत बांधलं. ज्या गढीसाठी बापजादे लढले, तिला आपल्या हातानं चूड लावली. शत्रूच्या हाती खांबसुद्धा देणार नाही, म्हणाले. बर्फ पडत होतं, त्याच्या आडोशानं निघाले. सगळ्यांनी मागं वळून बघितलं. औद्रानं मात्र बघितलं नाही, पाठीवर ओंडका होता, वळता येत नव्हतं.

चालत चालत दक्षिणेच्या रानात आले. पहिल्या गावाशी गेले, दार वाजवलं. आतून विचारलं, "कोण?" "झेमगाळ. आसरा द्या." आतून आवाज आला, "पांढऱ्या डगलेवाल्यांना मेण पुरवलंत ते तुम्हीच ना?" दार बंद राहिलं. पुढं दुसऱ्या गावाशी गेले. "कोण?" "झेमगाळ. पोरं गारठलीत." आतून आवाज आला, "नदीपल्याडची पोरंही गारठली होती. इथं आली आहेत ती, सांगितलंय त्यांनी." दार बंद राहिलं. लोक औद्राकडे बघायला लागले. कुणी काही बोललं नाही. न बोललेलंच फार लागतं.

तिसरं गाव आलं. वारा सुटला होता, आभाळ खाली आलं होतं, आजची रात्र उघड्यावर काढली तर पोरं उद्या उठायची नाहीत, हे सगळ्यांना कळत होतं. औद्रा पुढं झाली, दार वाजवलं.

आतून आवाज आला, "कोण?"

औद्रानं ओळखला. तो आवाज वैवाचा होता.

"मी औद्रा."

 मग दाराची वरची झडप उघडली. वैवा होती. केस पांढरे झाले होते. म्हणाली, "त्या रात्री पहाटे गेला तो. माझ्या मांडीवर. तुझ्या दारापासून फार लांब नाही."

औद्राला तोंड वर करवेना. म्हणाली, "वैवे, माझ्यापाशी बोलायला तोंड नाही. तुझा वाटा थकला होता, तो आणलाय." मग पाठीवरचा ओंडका सोडला, उंबऱ्यावर ठेवला, वरची शाल नीट केली.

वैवानं ओंडक्याकडे बघितलं. मागं उभ्या माणसांकडे बघितलं. मग कडवट हसली. म्हणाली, "याचं काय घेशील? मीठ देऊ?"

औद्रा म्हणाली, "नको."

"मग दार उघडू? त्यासाठीच आणलंस ना?"

बायांनो, आता नीट ऐका. वाटभर औद्राच्या मनात तेच होतं. हा ओंडका देईन, वैवा दार उघडेल, पोरं वाचतील. पण वैवानं ते तोंडानं बोलून दाखवलं, आणि औद्राच्या लक्षात आलं. दार मागितलं तर ती सोयरीक नाही, तो सौदा. मिठाच्या पोत्याऐवजी दार, तागडी तीच. मागं लेक उभी होती, ओठ निळे पडलेले. औद्रानं लेकीकडे बघितलं. त्या दिवशीही असंच बघितलं होतं.

मग म्हणाली, "नाही वैवे. मधमाशी विकत नाहीत. हा तुझा वाटा, तुला पोचला. येते मी."

लेकीचा हात धरला आणि वळली. सगळी माणसं तिच्यामागं वळली. बर्फात पावलं वाजायला लागली.

वैवा बाहेर आली. ओंडक्याला कान लावला. बोटानं टकटक केलं. काही नाही. पुन्हा टकटक केलं. काही नाही. शाल बाजूला केली, गाल टेकवला, तिसऱ्यांदा टकटक केलं. मग आतून, अगदी आतून, पुटपुटल्यासारखं आलं, हूं. जित्या होत्या. उपाशी पोरांनी भरलेल्या गढीतून त्या माशा मधासकट जित्या आल्या होत्या. मध चाखलेला नव्हता, मेण उघडलेलं नव्हतं.

वैवा उंबऱ्यावर बसली आणि हुंदके देऊन रडली. मग उठली, आणि वाऱ्यातून ओरडली, "औद्रे! सोयरीण दाराशी येऊन न जेवता जाते का कधी?"

औद्रा थांबली. वैवा धावत गेली. औद्राला हात लावला नाही तिनं, आधी लेकीला उचललं, पदराआड घेतलं. म्हणाली, "माझा लेक परत यायचा नाही. ते मी विसरणार नाही, तूही विसरू नकोस. पण दार उघडं आहे. सोयऱ्याला दार उघडायला काही द्यावं लागत नाही." मग गावात हाक दिली, "दारं उघडा गं, माझे मधसोयरे आलेत!" एक दार उघडलं, दुसरं उघडलं, सगळ्या गावाची दारं उघडली. चुली पेटल्या, ऊन ऊन पेज झाली, पोरं शेकायला बसली. वैवानं ओंडक्याचं मेण फोडलं, बोटभर मध आढ्याकडे उडवला, आणि दुसरं बोट औद्राच्या लेकीला चाटवलं.

गढी परत मिळाली का? नाही. नदी परत मिळाली का? तीही नाही. देवाची कहाणी आहे म्हणून खोटं सांगू का? तो मुलूख स्वारांचा झाला. पण माणसं राहिली. वैवाच्या गावाशेजारी झेमगाळांची नवी घरं उभी राहिली. पुढच्या उन्हाळ्यात लीपा फुलली, वैवाच्या ओंडक्यातून थवा उठला, आणि औद्राच्या नव्या घराच्या झाडावर जाऊन बसला. औद्रानं वाडग्यात वाटा घेतला, वर पान झाकलं, आणि वैवाच्या दाराशी गेली. तिला थाप मारावी लागली नाही, दार सताड उघडं होतं. वाडगं मात्र तेच होतं, उंबऱ्यावर सापडलेलं, गढीतून बरोबर आणलेलं. वैवानं ते ओळखलं, दोन्ही हातांनी घेतलं.

उघडा आता मुठी. दाणे माउलीपुढं ठेवा. वाटीतलं पहिलं बोट वर उडवा, द्वारके, छताला लागलं तरी चालेल, पुसू उद्या. दुसरं बोट शेजारणीला द्या. जिच्याशी बोलत नाही तिला आधी द्या, मला सगळं ठाऊक आहे. मग तुमचं तुम्ही खा.

जशी औद्राला वैवा भेटली, तशी तुम्हाआम्हाला भेटो. घर सुटलेल्याला दार मिळो, दार असलेल्याला ते उघडायची बुद्धी होवो. जशी मधमाउली त्यांना पावली, तशी तुम्हाआम्हाला पावो. ही साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, मनात मुरो, फळाला येवो, संपूर्ण होवो.